दोन कोपरे

"हा पिवळा नव्हे," मुकुंदराव पडद्याकडे बोट करून म्हणाले. "ही पेवडी आहे. मघाशी दाखवला तो हरताळ. दोन्हींना पिवळा म्हणायचं म्हणजे अख्ख्या वाईतल्या बायकांना मावशी म्हणायचं."

यंत्राला राग येत नसल्यामुळे ते गप्प राहिलं. ते घेऊन पुण्याहून आलेली रुक्साना मात्र हसली, आणि तिच्यापाठोपाठ खुर्चीत बसलेली कैरवीही हसली. डोक्यावर जाळीदार टोपी, हनुवटीखाली पट्टा, आणि नाकाला सुरकुत्या पाडून ते जुनं हसणं. किती दिवसांनी मुकुंदराव लेकीला असं हसताना बघत होते! त्यांना एकदम भरून आलं. ते लपवायचं म्हणून त्यांनी यंत्रालाच आणखी दोन शब्द सुनावले.

मुकुंदराव जिनगर म्हणजे वाईतले चित्रांचे वैद्य. देवळांच्या भिंतींवरची जुनी चित्रं, कुठे ओल लागून पोपडे आलेली, कुठे उदबत्तीच्या धुरानं काळवंडलेली, ती बरी करण्यात त्यांचा जन्म गेला. विद्या वडिलांकडून, तात्यांकडून आलेली. तात्यांची शिकवण एकच: भिंतीवर भोक दिसलं की चारही बाजूंचा रंग बघायचा, तसाच घोटायचा आणि अशी जोड द्यायची की इथं भोक होतं हे देवालासुद्धा कळू नये. बाहेरून येणारे तज्ज्ञ सांगायचे, नवं काम नवं म्हणून दिसू द्या, फसवू नका. मुकुंदराव मान डोलवायचे, चहा पाजायचे आणि तज्ज्ञांची गाडी वळली की जोड द्यायचे. उघडं भोक बघवायचंच नाही त्यांना, हात शिवशिवायचे.

कैरवी त्यांची एकुलती एक लेक. पुण्याच्या एका संस्थेत गणिताची प्राध्यापक, देशोदेशी व्याख्यानं देणारी. आणि पस्तिशीच्या आतच वाईला परत, बापाच्या घरी. दुखणं असं विचित्र की ऐकणाऱ्याला आधी थट्टाच वाटावी. मेंदूत शब्दांचं जे घर असतं, तिथल्या पेशी झिजत चालल्या होत्या. आधी चमचा गेला. म्हणजे चमचा समोर असायचा, पण शब्द तोंडात यायचा नाही. "ते... ढवळायचं," असं म्हणून ती स्वतःच हसायची. मग माणसांची नावं गेली, मग वाचणं गेलं, लिहिणं गेलं. एके सकाळी ती 'बाबा' म्हणायलाही अडखळली, तेव्हा मुकुंदराव गच्चीवर जाऊन एकटेच रडले. कैरवीची आई, सुनंदा, आधीच गेलेली. शेजारच्या लताताई आंघोळीपुरत्या येत, बाकी सगळं बापानं बघायचं.

शब्द पुरते जाण्याआधी एका संध्याकाळी दोघं कृष्णेच्या घाटावर बसली होती. कैरवीनं एकदम त्यांचं मनगट धरलं. "बाबा, सापडलं," ती म्हणाली. "माझं... ते. सगळं. फक्त लि... लि..."

लिहायचं राहिलंय, एवढं तिला म्हणायचं होतं. तिचे डोळे लकाकत होते. 'ते' म्हणजे काय हे मुकुंदरावांना ठाऊक होतं, आणि ते दोन फुटक्या फरशांमुळे.

कैरवी नऊ वर्षांची असतानाची गोष्ट. त्यांच्या स्वयंपाकघरात फूटभराच्या चौकोनी फरशा होत्या, लाल आणि काळ्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या. आठ ओळी, ओळीत आठ. त्यातल्या तिरप्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतल्या फरशा फुटल्या. दाराजवळची गॅसची टाकी आपटून, मोरीजवळची ओलीनं. सुनंदानं बाजारातून रबरी चटया आणल्या. एक चटई बरोब्बर दोन फरशा झाकायची. चटई कापायची नाही, आणि फुटक्या कोपऱ्यांवर घालायची नाही, असं तिचं फर्मान होतं. बासष्ट फरशा, एकतीस चटया. "बसतील की," म्हणून मुकुंदराव दुपारभर गुडघ्यांवर रांगत राहिले. दर वेळी शेवटी दोन फरशा उघड्या राहायच्या, आणि त्या काही केल्या शेजारी शेजारी यायच्या नाहीत.

उंबऱ्यावर पेरू खात बसलेली कैरवी म्हणाली, "बाबा, नाही बसणार. कधीच नाही."

"गप गं. सगळ्या तऱ्हा कुठं करून बघितल्यात अजून?"

"तऱ्हा कशाला बघायच्या? रंग बघा ना. चटई कशीपण ठेवा, एक लाल झाकते आणि एक काळी. फुटलेल्या दोन्ही लाल होत्या. मग लाल राहिल्या तीस आणि काळ्या बत्तीस. दोन काळ्या उरणारच की." आणि पेरूचा घास घेत वर म्हणाली, "रंगारी असून रंग बघत नाही तुम्ही!"

सुनंदा पदर तोंडाला लावून हसली. मुकुंदराव मात्र चटया हातात घेऊन तसेच बसून राहिले. लाखो तऱ्हा करून बघायच्या, त्याऐवजी एकदा रंगाकडे बघायचं, आणि कायमचं उत्तर. शाळेत गणितात काठावर पास होणाऱ्या या माणसाला गणित म्हणजे काय ते त्या दिवशी प्रथमच कळलं, आणि तेही पोटच्या पोरीकडून.

पुढच्या रविवारी त्यांनी दोन्ही कोपऱ्यांत सिमेंट भरलं, वर लाल रंग दिला, छटा अशी जुळवली की फरशी फुटली होती हे सांगून खरं वाटू नये. कैरवी शाळेतून आली आणि भोकाड पसरून रडली. "तुम्ही भोकं बुजवलीत! आता कोडंच गेलं!" उसाचा रस पाजेपर्यंत ती गप्प झाली नाही.

मोठेपणी तिनं हेच काम केलं. फक्त तिची जमीन दोन नव्हे तर कितीही मितींची, आणि तुकडे कुठल्याही आकाराचे. एखादी जमीन दिलेल्या तुकड्यांनी कधीच झाकता येणार नसेल, तर ते एका नजरेत दाखवणारी रंगवण्याची एकच रीत सगळ्या जमिनींसाठी असते का? जगभरची डोकी या प्रश्नाला टकरा देऊन थकली होती. कैरवीला उत्तर सापडलं होतं, आणि ते अशा डोक्यात अडकलं होतं ज्याची दारं एकेक करून बंद होत होती. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की शब्दांमागोमाग आकडेही जातील. फार तर वर्षभर टिकतील.

म्हणून रुक्साना टोपी घेऊन आली. रुक्साना मुजावर कैरवीची कॉलेजपासूनची मैत्रीण, मेंदूचा अभ्यास करणारी. यंत्राला संस्थेनं काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, पण मुकुंदरावांनी त्याला टोपी म्हटलं आणि आठवडाभरात रुक्सानाही टोपीच म्हणू लागली.

"असं बघा काका," तिनं पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "शब्द मेंदूत एका जागी असतात. कमीजास्त, आकार, तोल, हे दुसऱ्या जागी. कैरवीची पहिली जागा गेलीय, दुसरी अजून शाबूत आहे. टोपी त्या दुसऱ्या जागेतल्या बारीक बारीक लहरी टिपते. पण तिथं अक्षरं नसतात. तिथं नाती असतात. हे याच्या जवळचं, हे त्याला तोलून धरतं, हे इथं बसत नाही, असं. ते दाखवायचं कसं? आम्ही रंग घेतले. रंग कुठला, किती गडद, किती उजळ, अशा तीन वेगळ्या दिशांनी रंग बदलता येतो. आणि अक्षरं एकामागून एक वाचावी लागतात, चित्र एकदम दिसतं. हजार ओळींच्या सिद्धतेत चूक शोधायला महिने लागतात, पण चित्राचा तोल बिघडलाय हे डोळ्याला लगेच कळतं."

"मग माझं काय काम?"

"प्रत्येकाच्या डोक्यातले रंग वेगळे. यंत्राला ते शिकवायला असा माणूस लागतो, ज्याला रंगही कळतात आणि ती व्यक्तीही. कैरवी रंग तुमच्याकडून शिकली ना? हिंगूळ, काव, नीळ, जंगाल?"

शिकली होती. लहानपणी देवळात त्यांच्या परातीशेजारी बसून ती सगळे रंग घोटायला शिकली होती, हातही बापासारखा सुबक होता. पण जोड द्यायला मात्र कधी बसली नाही. "असू दे ना भोक, बाबा," म्हणायची, "त्यातनं भिंत दिसते." आपला हात आपल्याबरोबरच जाणार, याची मुकुंदरावांना आतून फार चुटपुट होती.

आणखी एक गोष्ट रुक्सानानं सांगितली, आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची निघाली. कैरवीच्या डोक्यातले शब्द गेल्यामुळे तिला स्वतःशीही बोलता येत नव्हतं. पडदा ही तिची पाटी होती. आपल्या विचाराचं चित्र ती तिथं बघे आणि ते बघून पुढचं पाऊल टाके. मान हलली, शिंक आली, की चित्रात नसते डाग पडत, रंग उडे. ते मुकुंदरावांनी पडद्यावरच्या लेखणीनं दुरुस्त करायचं. केलेली दुरुस्ती यंत्र लक्षात ठेवी आणि पुढच्या वेळी स्वतःच करी.

मग ते दिवस आले. सकाळी चहा झाला की कैरवी स्वतः टोपी उचलून आणायची. पडद्यावर आधी नुसता धुरकट सफेदा, मग त्यात कुठंतरी नीळ उमलायची, तिच्या कडेनं हिंगुळाच्या लालभडक ओळी, ओळींतून काजळीची बारीक जाळी. जिथं तिची खात्री असे तिथं रंग दाट होई, शंका असे तिथं पातळ. मुकुंदराव शेजारी खुर्ची टाकून बसत. हळूहळू त्यांना वाचता येऊ लागलं. "इथं अडलीस होय?" ते विचारत, आणि ती मान हलवी. "हे झालं वाटतं मनासारखं?" की ती टाळी वाजवी. ती पुण्याला असताना फोनवर जेवलीस का आणि झोपलीस का यापलीकडे बापलेकीचं बोलणं जात नसे. आता ती दिवसदिवस बोलत होती, एकही शब्द न उच्चारता.

एकदा मुकुंदराव म्हणाले, "हा हिंगूळ इकडं सरकला, तर पलीकडची नीळ तेवढीच उतरायला पाहिजे. नाहीतर चित्र तोललं जायचं नाही." कैरवीनं उठून त्यांच्या गालाचा मुका घेतला. रुक्सानानं ते पुण्याच्या गणितज्ञांना दाखवलं आणि संध्याकाळी फोन केला. "काका, तुम्ही आज जे बोललात ना, ते सिद्धतेतलं एक पाऊल निघालं."

मुकुंदराव त्या दिवशी घाटावर छाती काढून चालले. लेकीचं गणित आपल्याला कळतंय, हा आनंद त्यांच्या डोक्यात गेला, असंच म्हणायला हवं.

चित्र बहुतेक पुरं होत आलं तेव्हा ते दोन डाग दिसले. वरचा डावा कोपरा आणि खालचा उजवा. बाकी सगळं चित्र पैठणीच्या पदरासारखं भरून आलेलं, आणि या दोन जागी काहीच नाही. रंगच नाही, नुसता राखाडी पडदा. दुखणं आकड्यांपर्यंत पोचलं, असंच मुकुंदरावांना वाटलं. तिच्या डोक्यातले पोपडे पडायला लागले आणि त्याची भोकं इथं दिसायला लागली. त्यांनी रुक्सानाला फोन लावला.

"असेल काका," ती म्हणाली. "किंवा टोपीची कडा सैल असेल. कोपऱ्यांत गोंगाट येतोच. तुम्हाला काय वाटतं?"

"चारी बाजूंचा रंग सरळ दिसतोय. तिथं काय असायला हवं ते माझा डोळा सांगतोय."

"मग भरा. तुमच्या डोळ्यावर माझा विश्वास आहे."

त्यांनी लेखणी उचलली. एका बाजूनं नीळ आत येत होती, दुसरीकडून तांबूस काव. मधे त्यांची सांगड घालायची होती. जन्मभर केलेलं काम. तासाभरात दोन्ही कोपरे असे भरले की बघणाऱ्याला शोधून सापडू नयेत. चित्र पुरं झालं. मुकुंदराव मागं सरून समाधानानं बघत राहिले.

कैरवी झोपून उठून आली, पडद्यासमोर बसली, आणि तिचा चेहरा पडला. तिनं बोटानं तो कोपरा पुसला. पडदा बोटानं पुसला जात नाही. ती पुन्हा पुसू लागली, जोरजोरात.

"अगं, दुरुस्त केलंय ते," मुकुंदराव म्हणाले. "भोक पडलं होतं तिथं."

दुसऱ्या दिवशी टोपी घातल्याबरोबर ते कोपरे पुन्हा राखाडी झाले. मुकुंदरावांनी पुन्हा भरले. चारपाच दिवसांत यंत्र शिकलं आणि आपणहून भरू लागलं. कैरवी सकाळभर कपाळावर आठ्या घालून बसे. कोपरा क्षणभर रिकामा होई आणि लगेच रंगानं भरून येई. ती पडद्यावर चापटी मारू लागली. एकदा टोपी काढून भिरकावली. डॉक्टरांनी फोनवर ऐकून घेतलं आणि सांगितलं की या दुखण्यात चिडचिड वाढतेच. त्यांनी गोळी लिहून दिली आणि ती दुपारी ड्रोननं अंगणात आली.

एके दिवशी तिनं बापाचं मनगट धरलं आणि त्यांना ओढतच स्वयंपाकघरात नेलं. मधोमध उभी राहिली. पायानं फरशी ठोकली. मग दाराजवळच्या कोपऱ्यातला पिठाचा डबा ढकलू लागली.

"अगं अगं, सांडेल ते!" मुकुंदरावांनी डबा धरला. "भूक लागलीय होय? सांगायचंस की. थांब, शिरा करतो."

त्यांनी केशर घालून शिरा केला. तिनं बशीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. मुकुंदराव चमचा घेऊन समोर बसून राहिले आणि शिरा गार झाला.

त्यानंतर ती हळूहळू शांत होत गेली. टोपी आणायची नाही. कुणी घातली तर बसायची. पडद्यावर रंग येत, पण आता त्यांत तोल नसे. आज नीळ, उद्या नुसता सफेदा. रुक्सानानं तिच्यापुढे दोन पेढे ठेवले आणि मग तीन ठेवले, तेव्हा कैरवीला त्यात काही फरक वाटला नाही. ती प्रेमानं सगळ्यांकडे बघून हसत होती. रुक्साना अंगणात जाऊन उभी राहिली.

दिवाळीच्या साफसफाईला मुकुंदरावांनी स्वयंपाकघर धुवायला काढलं. पिठाचा डबा उचलून बाहेर ठेवला, बादली ओतली, खराटा मारला, आणि थांबले. डब्याखालची फरशी लाल नव्हती. त्यांनी कधीकाळी दिलेला रंग डब्याच्या बुडानं घासून घासून निघून गेला होता आणि खालचं सिमेंट उघडं पडलं होतं. त्यांनी मान वर केली. तिरपं समोर, मोरीजवळ, पाण्यानं तोही कोपरा केव्हाच राखाडी झाला होता.

दोन कोपरे. वरचा डावा, खालचा उजवा.

त्या दिवशी कैरवी भुकेजली नव्हती. ती त्यांना हे दाखवत होती. बोलता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं बापाला त्या एकाच जागी आणून उभं केलं होतं जिथं ते तिचं गणित एकदा तरी समजले होते. ती भोकं दुखण्याची नव्हती. ती तिनं पाडली होती. सगळी जमीन रंगवून झाल्यावर शेवटी कुठला रंग कमी पडतो, हेच तर तिचं उत्तर होतं. त्या दोन रिकाम्या जागांवरच सगळं उभं होतं. आणि तिच्या बापानं शिरा केला होता.

"रंगारी असून," मुकुंदराव ओल्या फरशीवर बसून मोठ्यानं म्हणाले, आणि पुढचं त्यांच्यानं म्हणवेना.

रुक्साना दुसऱ्याच दिवशी पुण्याहून आली. टोपीनं टिपलेलं सगळं संस्थेत जपून ठेवलेलं होतं. दुरुस्तीच्या आधीचं, कच्चं. मुकुंदरावांना वाटत होतं की त्यात काहीतरी सापडेल, दुरुस्त्या तेवढ्या काढून टाकल्या की खालून लेकीचं चित्र जसंच्या तसं निघेल. भिंतीवर नाही का, वरचा नवा थर खरवडला की जुना रंग हाती लागतो? रुक्साना पडद्यासमोर बसून एकेक दिवस उघडत गेली. मुकुंदराव तिच्या मागं उभे होते. शेवटच्या दिवसापाशी ती थांबली.

"बोल की पोरी."

"काका, पुढचं काही नाहीये."

"म्हणजे?"

"ती पडद्याकडे बघून पुढचं पाऊल टाकायची ना. दोन्ही कोपरे मोकळे झाले की तिथून ती पुढं जाणार होती. ते मोकळे राहिलेच नाहीत. हे बघा. हा सोमवार. भोकं पाडली, यंत्रानं बुजवली. मंगळवार, तेच. बुधवार, तेच." तिनं पुढचे दिवस भराभर सरकवले. "शेवटपर्यंत रोज तिनं तेवढंच केलंय, काका. दुसरं काही केलंच नाही."

मुकुंदराव खाली बसले. शहाणी होती तेव्हाचे लेकीचे सगळे शेवटचे दिवस, एकेक करून, आपण भरलेला रंग पुसण्यात गेले. तिनं एकदाही बापावर हात उगारला नाही. नुसता पडदा पुसत राहिली.

"मीही भरा म्हटलं होतं," रुक्साना म्हणाली.

"तुला रंगातलं कळत नाही, पोरी. मला कळतं."

"भोकं कुठं आहेत ते आता माहीत झालंय. ती तिथंच का, हे तिला एकटीला ठाऊक होतं. शोधेल कुणीतरी. आज ना उद्या."

"आज ना उद्या," मुकुंदराव म्हणाले. त्यात त्यांना काडीचंही समाधान नव्हतं.

रुक्सानानं टोपी पेटीत घातली आणि नेली. मुकुंदरावांनी तिच्याकडून फक्त एक चित्र मागून घेतलं, कोपरे भरण्याआधीचं. मग त्यांनी सागवानी फळीला अस्तर दिलं, रंगांच्या पुड्या काढल्या, डिंक भिजवला, आणि ते चित्र हातानं उतरवायला घेतलं. नीळ, हिंगूळ, काव, काजळी. कैरवी शेजारी मोड्यावर बसून बघत राही. परातीतला रंग घोटून दे म्हटलं की घोटून देई, अगदी लहानपणासारखा. शब्द गेले, आकडे गेले, पण हाताला ते आठवत होतं.

चित्र पुरं झालं. दोन्ही कोपरे मुकुंदरावांनी कोरे ठेवले. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी चित्रात भोक ठेवलं होतं, आणि ते बघताना त्यांची बोटं अजूनही शिवशिवत होती. त्यांनी फळी उजेडात भिंतीला टेकवली आणि कैरवीला हाताला धरून समोर आणली.

"बघ," ते म्हणाले. "मोकळे ठेवलेत. तुझे आहेत ते. मी हात लावत नाही."

कैरवी बघत राहिली. तिची नजर एका कोपऱ्यावर गेली, मग दुसऱ्या. ती खाली बसली, परात ओढली, कुंचला उचलला. एकदा नीळ बघितली, एकदा काव बघितली, चारी बाजूंना मान तिरकी करून पाहिलं, आणि थेंब थेंब पाणी घालत रंग घोटायला लागली.

मुकुंदरावांनी तिचा हात धरायला हात पुढं केला आणि मागं घेतला.

तिनं सावकाश, जीभ दातांत धरून, पहिला कोपरा भरला. मग उठून दुसरा भरला. हात जराही चळला नाही. नीळ कुठं संपते आणि काव कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. मुकुंदरावांनी आयुष्यभर दिल्या असतील त्या सगळ्यांहून ही जोड चांगली होती. कुंचला तसाच हातात धरून कैरवीनं मागं वळून बापाकडे पाहिलं, नाकाला सुरकुत्या पाडून हसली, आणि बरोबर झालं का म्हणून वाट बघत राहिली.

"झकास," मुकुंदराव म्हणाले. "देवालासुद्धा कळायचं नाही, बाळा."

मग तिच्या हातातला कुंचला घेऊन ते तो धुवायला मोरीवर गेले, आणि नळ सोडून बराच वेळ तिथंच उभे राहिले.